फारुक्यांच्या लेकी

मध्ययुगातल्या राजकन्यांवर दिवाळी अंकात लेख असला की त्याचं पहिलं पान चांदबिबीचं असतं, आणि बहुतेकदा शेवटचंही. हुसेन निजामशहाची ही लेक थोर होती आणि १५९५-९६ साली तिनं मोगलांपुढं अहमदनगरचा किल्ला राखला, हे मान्यच. पण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो नरडाण्याची माणसं. तापी ओलांडली की थाळनेर आणि आग्रा रोडनं धुळ्याच्या पुढं गेलं की लळिंग. फारुकी सुलतानांची सुरुवातीची धावपळ याच टापूत झाली. गेली कित्येक वर्षं मी एकच सांगत आलोय की खानदेशाचं हे दोनशे वर्षांचं राज्य तलवारीइतकंच सोयरिकींवर तगलं. ऐकतं कोण, हा भाग वेगळा.

फारुक्यांआधीचं भराभर उरकतो. यादवांकडं राण्यांची नावं माहेरासकट मिळतात. तिसऱ्या भिल्लमाची अव्वलदेवी ही चालुक्य जयसिंहाची मुलगी, एवढं कळतं आणि पान उलटतं. अपवाद चाळीसगावजवळच्या पाटणचा. तिथल्या महादेव मंदिराचा शके १०७५चा, म्हणजे ११५३चा लेख निकुंभ घराण्यातल्या श्रीदेवीबद्दल बोलतो. ती सगरवंशातली. नवरा इंद्रराज गेला, मुलगा गोवन लहान, म्हणून सोळाशे गावांचा कारभार तिनं पाहिला आणि नवऱ्यानं सुरू केलेलं देऊळ पुरं केलं. पाटणला सहली जातात त्या भास्कराचार्यांसाठी. तेही बरोबरच आहे, पण या बाईचं नाव तिथं कुणी काढताना मी ऐकलेलं नाही.

मग देवलदेवी. गुजरातचा कर्ण वाघेला राज्य गमावून बागलाणात आला, तेव्हा ही मुलगी त्याच्यासोबत. आई कमलादेवी आधीच दिल्लीच्या जनान्यात पोचलेली. देवलदेवीचं लग्न देवगिरीच्या राजपुत्राशी ठरलं, ती निघाली, आणि वेरूळच्या परिसरात खिलजीच्या सैनिकांच्या हाती लागली. इतिहासकार फिरिश्ता म्हणतो, ते शिपाई लेणी बघायला गेले होते! पुढं दिल्लीत खिलजीच्या मुलाशी, खिज्रखानाशी तिचं लग्न झालं आणि अमीर खुस्रोनं त्यावर काव्य रचलं. प्रेमकथा म्हणून ती गाजली. त्याच सुमारास तिकडं वेल्सच्या शेवटच्या स्वतंत्र राजाची मुलगी ग्वेनलियन इंग्रजांच्या एका मठात वाढत होती. १२८२ साली जन्मलेल्या त्या पोरीला तान्ही असतानाच उचलून तिथं ठेवलं आणि १३३७ साली ती तिथंच वारली. राज्य बुडालं की वारस मुलीला लग्नात किंवा मठात बंद करायचं, हा धंदा दोन्हीकडं सारखाच. ग्वेनलियनवर कुणी प्रेमकाव्य लादलं नाही, एवढाच फरक.

आता माझी आवडती बाई, आगा झैनब. थाळनेरच्या मलिक राजाची नात, नसीरखानाची मुलगी. मलिक राजानं माळव्याशी दुहेरी सोयरीक केली होती, लेक दिली आणि सून आणली. चहूबाजूंनी माळवा, गुजरात, बहमनी असे दांडगे शेजारी. तेव्हा प्रत्येक दारात आपलं एक माणूस हवं, हे त्यानं ओळखलं. नसीरखानानं तेच पुढं चालवलं आणि झैनब बहमनी युवराज अलाउद्दीनला दिली. तो बिदरच्या गादीवर बसला. १४३६च्या कोकण मोहिमेत संगमेश्वरच्या राजाची मुलगी त्याच्याकडं आली. तिचं नाव पडलं झेबा चेहरा, आणि झैनब मागं पडली. तिनं बापाला कळवलं. नसीरखान वऱ्हाडात घुसला, तिथले काही बहमनी सरदारही त्याला मिळाले.

इथं आमच्या एका विद्वान मित्राशी माझं कायमचं वाकडं आहे. त्यांच्या मते हा सवतीमत्सर. अहो, मत्सर असेलही! पण ती बिदरला केवळ नांदायला गेली नव्हती, तह म्हणून गेली होती. तिचा मान उतरला की खानदेशाच्या पाठीवरचा हात निघाला. बापाला ते पत्र वाचताना जावयाचा राग आला असेल, पण भीती त्याहून मोठी असणार.

मोहीम फसली. बहमनींच्या बाजूनं बसऱ्याच्या खलफ हसननं परदेशी सैनिक घेऊन रोहणखेडच्या घाटात नसीरखानाला मोडलं, बऱ्हाणपूर लुटलं आणि थेट लळिंगपर्यंत पाठलाग केला. १४३७ साली लळिंगलाच नसीरखान खचून मेला आणि थाळनेरला बापाशेजारी पुरला गेला. विजयानंतर अलाउद्दीननं दरबारात परदेशी सरदारांना उजवी बाजू दिली, दखनींना डावी. त्या भांडणानं पुढं बहमनी राज्य पोखरलं. खलफ हसनचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. काही वर्षांनी शिर्क्यांनी त्याला कोकणातल्या आडरानात नेलं आणि तिथं तो कापला गेला. कापणारे झेबा चेहराच्या माहेरचे, संगमेश्वरचेच!

नसीरखानाचा शेवट धुळ्यापासून हाकेच्या अंतरावर झाला. लळिंगला रविवारी ट्रेकिंगवाली पोरं येतात, टाकी बघतात, मोबाइलवर फोटो टाकतात. नसीरखान कोण, विचारा. थाळनेरला गेलो तर लता मंगेशकरांचं आजोळ कौतुकानं दाखवतात, आणि दाखवावंच. पण त्याच गावात १५०९ साली गुजरातच्या महमूद बेगड्यानं एका तरुणाला आदिलखान म्हणून गादीवर बसवलं, ते तो लेकीकडून त्याचा नातू म्हणून. राज्य आजोळानं दिलं! वर बेगड्याच्या मुलाची, मुजफ्फराची मुलगीही त्याला दिली. तिचा भाऊ बहादूरशहा १५३७ साली दिवला मारला गेला, तेव्हा गुजरातची गादी चालून आली ती तिच्या मुलाकडं, मीरान मुहंमदाकडं. भाचा म्हणून. तो वाटेतच वारला, नाहीतर अहमदाबादेत खानदेशचा सुलतान बसला असता.

पूर्वी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात बसून फारसी बाडांवर तासन्‌तास वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. आता अभ्यासकही मालिकांतल्या राण्यांचे दागिने मोजतात. सुलतानांच्या सनावळ्या पाठ म्हणणारे भेटतात, त्यांना सुलतानाच्या आईचं माहेर विचारलं की चिडतात.

शेवटची सोयरीक जड गेली. १५६४ साली अकबर मांडूला आला, तेव्हा मीरान मुबारकनं त्याला मुलगी दिली आणि हुंड्यात बिजागड नि हंडिया हे मुलूख दिले. सदतीस वर्षांनी, १६०१ साली, त्याच जावयानं असीरगड घेतला आणि फारुक्यांचा शेवटचा सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.