एकच रहस्यपट, तीन तबकड्या



आमच्या घरी एक काचेचे कपाट आहे. त्यात पुस्तकांच्या शेजारी जुन्या परदेशी रहस्यपटांच्या तबकड्या, म्हणजे डीव्हीडी आणि ब्लू-रे, मी लावून ठेवल्या आहेत. परवा ते आवरताना आई म्हणाली, “अरे, एकच सिनेमा तीन-तीनदा विकत घेतलास? गोष्ट तर तीच ना?” मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, पण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज सावकाश देतो.

विद्यार्थिदशेत मी रस्त्याकडेच्या गाडीवरून ‘द थर्ड मॅन’ या १९४९ सालच्या चित्रपटाची स्वस्तातली तबकडी घेतली होती. दिग्दर्शक कॅरल रीड. महायुद्धानंतरचे मोडके व्हिएन्ना शहर, भेसळलेल्या पेनिसिलिनचा काळा बाजार, आणि मित्राच्या मरणाचा छडा लावू पाहणारा एक साधा लेखक, अशी ती गोष्ट. सुरुवातीला तो लेखकच आपल्याशी बोलतो. पुढे काही वर्षांनी नवी, दुरुस्त केलेली तबकडी आणली, तो आवाज निराळाच! मला वाटले, आपलीच आठवण दगा देते आहे.

तसे नव्हते. ब्रिटनमधल्या प्रतीत तो आवाज खुद्द रीड यांचा होता. अमेरिकेत दाखवताना निर्माते सेल्झनिक यांनी सुमारे अकरा मिनिटे कापली आणि सुरुवातीचे निवेदन नायकाच्या तोंडी घातले. म्हणजे इतकी वर्षे मी कातरलेला चित्रपट पाहून त्यावर ठामपणे मते देत होतो, असेच की नाही?

शिक्षकमंडळींना हे नवे वाटायचे नाही. पोथी हाताने उतरवताना पाठभेद शिरतात. म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. चित्रपटालाही अशीच पाठशुद्धी लागते.

आता ‘टच ऑफ ईव्हिल’चे पहा. १९५८ सालच्या या रहस्यपटाची जोडणी स्टुडिओने ऑर्सन वेल्स यांच्या हातून काढून घेतली. त्यांनी ५८ पानांचे टिपण लिहून बदल सुचवले. ते सगळे मानले गेले नाहीत. वेल्स १९८५ साली वारले. पुढे १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी तेच टिपण पुढ्यात ठेवून चित्रपट पुन्हा जोडला. आरंभीच मोटारीत बॉम्ब ठेवला जातो, आणि ती मोटार तीन मिनिटांहून अधिक काळ एकाच अखंड दृश्यात गावातून फिरते. पूर्वी त्यावर नामावली आणि संगीत होते. ते काढल्यावर रस्त्यावरचे आवाज ऐकू येऊ लागले आणि छातीतली धडधड वाढली! चित्र तेच, परिणाम मात्र बदलला.

प्रती बिघडतात कशा? १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेटते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक जुन्या फिल्म जळाल्या. पुढची ॲसिटेटची फिल्म सहजी पेटत नाही. पण ओल आणि उष्णता लागली की तिला आंबट वास सुटतो नि ती आक्रसते. रंगीत फिल्मचे तर रंगच उडतात.

दुरुस्तीही डोळे मिटून मानू नये, बरं का. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९९६ साली मोठ्या कष्टाने दुरुस्त झाला. परंतु पावलांसारखे काही आवाज नव्याने भरले गेले, आणि ते अनेक जाणत्यांना खटकले.

म्हणून तबकडी घेताना वेष्टन नीट वाचावे. चित्रपट किती मिनिटांचा, चित्राची चौकट मूळ आकाराची की दूरदर्शन संचासाठी कडा कापलेली, प्रत कशावरून केली, मूळ ध्वनी दिला आहे का, एवढे पाहावे. मिनिटे थोडी कमी दिसली म्हणून लगेच शंका नको. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे पळतात. त्यामुळे १०४ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटांत संपतो. एक चौकटही कापलेली नसते!

तुम्ही म्हणाल, आता सारे मोबाईलवर दिसते, मग हा खटाटोप कशाला? दिसते खरे, पण कोणती प्रत दाखवायची आणि कधी काढून घ्यायची, हे आपल्या हाती नसते. तबकडीही अमर नाही, हे कबूल. तरी ती शाबूत आहे तोवर दोन प्रती शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

आईला मी एवढेच सांगितले, “गोष्ट एकच; पण कोणी तरी मधली पाने फाडली होती, ती शोधतोय.” ती म्हणाली, “मग पूर्ण असलेली लाव. बघू या.”