फॉरमॅट मारण्याआधी

‘लॅपटॉप चालूच होत नाहीये’ ही एक तक्रार नसून निदान चार तक्रारी आहेत. बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही, ही पहिली. दिवे लागतात, पंख्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळीकुट्ट, ही दुसरी. कंपनीचा लोगो येतो आणि त्याखाली ठिपके गोल गोल फिरत बसतात, ही तिसरी. आणि चौथीत निळ्या स्क्रीनवर थेट ४८ आकडी चावी मागितली जाते. चारही ठिकाणी दुखणं वेगळं, पण शेजारच्या भाच्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत उपाय बहुतेक एकच सांगितला जातो: ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागेल.’

पहिल्या दोन तक्रारींत विंडोजचा बहुधा काही संबंध नसतो. बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरचा, वीज सांभाळणारा छोटा कंट्रोलर. मग बायॉस (नव्या मशिनांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, बोलताना सगळे बायॉसच म्हणतात) रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. ती नीट झाली की लोगो दिसतो आणि त्यानंतर विंडोजला हाक जाते. लोगोच आला नसेल तर फॉरमॅट करून काय साधणार? त्यामुळे पहिला प्रश्न ‘काय बिघडलंय’ हा नसून ‘कुठपर्यंत येऊन थांबतंय’ हा असतो.

‘चार्जरचा दिवा लागतोय, म्हणजे चार्जर चांगला आहे.’ दिवा एवढंच सांगतो की थोडीफार वीज येते आहे. ओझं पडल्यावर चार्जर तग धरतो का, हे त्याला ठाऊक नसतं. टाइप-सी आल्यापासून यात भर पडली आहे. पिन बसते म्हणून लोक फोनचा २० किंवा २५ वॅटचा चार्जर लावतात; लॅपटॉपला ४५, ६५ किंवा त्याहून जास्त वॅट लागतात. केबलचंही तसंच. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच चालते, त्यापुढे आत चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. बॅटरी पार रिकामी झाली असेल तर योग्य चार्जर लावून अर्धा तास बटणाला हात न लावणं हाही उपचारच आहे.

एकही दिवा लागत नसेल, तर मेकॅनिक लोक ‘पॉवर ड्रेन’ करतात. चार्जर काढायचा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढायची आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. याला कुणी ‘आतला करंट काढणं’ म्हणतं, कुणी तोडगा समजून हसतं. तोडगा नव्हे. वर सांगितलेल्या कंट्रोलरला लॅपटॉप बंद असतानाही बॅटरीतून वीज मिळत राहते, आणि कधीकधी तोच अडकून बसतो. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी आत बंद असली तरी एवढा वेळ बटण दाबल्याने तो नव्याने सुरू होतो. फुकटचा उपाय आहे, आधी करून बघावा. अपवाद एकच: टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही.

‘स्क्रीन काळी, म्हणजे लॅपटॉप डेड.’ कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाहीये. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून अगदी जवळून बघा. अंधुकसा लोगो किंवा घड्याळ दिसलं तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. एचडीएमआयने घरचा टीव्ही जोडला आणि त्यावर सगळं व्यवस्थित उमटलं, तर बिघाड स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि झोपेतून उठताना काळी पडलेली स्क्रीन पुष्कळदा तेवढ्याने परत येते. एक गंमतही सांगून ठेवतो. झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. चुंबकी पट्ट्याचं घड्याळ किंवा फोनचं चुंबकी कव्हर कीबोर्डच्या कडेला नेमक्या जागी आलं, की झाकण मिटलं असं समजून तो गुपचूप झोपी जातो.

कॅप्स लॉक किंवा चार्जिंगचा दिवा आपला आपण ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर तो मोजा. लॅपटॉप स्वतःच आपलं दुखणं सांगतोय. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत पिवळट आणि पांढरा दिवा आलटून पालटून लागतो, एचपीत बहुधा कॅप्स लॉक लुकलुकतो. किती वेळा म्हणजे रॅम आणि किती वेळा म्हणजे बोर्ड, याचा तक्ता कंपनीच्या पुस्तिकेत असतो. दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर दुरुस्तीवाल्याचाही वेळ वाचतो.

रॅम लूज झाली की डिस्प्ले येत नाही, हे खरं. ती काढून पुन्हा घट्ट बसवली की काम होतं, हेही खरं. पण सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. तो सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत जाऊन बसतो. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणं बरं. आणि डीडीआर५ ची नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर घाबरून बटण दाबू नका. मशीन त्या रॅमशी वेग जुळवून घेत असतं.

लोगो येऊन ठिपके फिरत राहिले, तर मात्र विंडोजकडे वळायचं. ‘रोज रात्री शट डाउन करतो, आणखी काय करायचं?’ टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘अप टाइम’ वाचा. रोज बंद होणारा लॅपटॉप तिथे आठ-दहा दिवस सलग चालू असल्याचं दाखवेल. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. तेव्हापासून शट डाउन केलं की विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, डिस्कवर एका फाइलमध्ये गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. त्यात एखादा ड्रायव्हर अडकला असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाउनवर क्लिक करायचं.

‘नक्की व्हायरस असणार.’ १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत असताना जगभरचे विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने असे संगणक सुमारे ८५ लाख होते. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण काय, तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एक सदोष फाइल. म्हणजे व्हायरस तर नव्हताच, उलट त्यापासून वाचवणारं सॉफ्टवेअरच आडवं आलं होतं. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसण्याचा. फॉरमॅटची गरज नव्हती.

सेफ मोडसाठी एफ८ दाबत बसण्याचे दिवस विंडोज ८ पासूनच संपले, तरी सल्ला अजून तोच दिला जातो. आता लोगो आला की पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, सेफ मोड आहे. अगदीच नाइलाज झाला तर ‘कीप माय फाइल्स’ म्हणून रीसेट आहे: त्यात प्रोग्रॅम जातात, तुमच्या फोल्डरांतल्या फाइल राहतात. हे सगळं करायच्या आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर काढून ठेवा. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करून ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणणारे लॅपटॉप काही कमी नाहीत. घड्याळ दर वेळी जुनीच तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, आणि त्यामुळे बायॉसच्या सेटिंग पुसल्या गेल्यानेही डिस्क सापडेनाशी होऊ शकते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘फॉरमॅट केलं तरी डेटा परत काढता येतो.’ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात यात तथ्य होतं. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जायची, माल जागेवर राहायचा. एसएसडीत ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था असते. मोकळ्या झालेल्या जागेची खबर तिच्यामार्फत डिस्कला मिळते आणि डिस्क ती जागा स्वतःहून साफ करून टाकते. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, फोटो परत येत नाहीत. उलट, विंडोज सुरू होत नसताना फाइल बहुधा सुखरूप असतात. डिस्क काढून, एन्क्लोजरमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, किंवा पेनड्राइव्हवरून उबुंटू ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून त्या फाइल दुसरीकडे कॉपी करता येतात. फक्त हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, प्रत्येक खेपेला ती आणखी खराब होते.

उरली ४८ आकडी चावी. तीच स्क्रीन बघून ‘हॅक झालं’ म्हणून घाबरलेले लोक भेटतात. ते बिटलॉकर आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायॉस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की लॅपटॉपला हार्डवेअर अनोळखी वाटतं आणि तो चावी मागतो. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवायची आणि समोरचे आकडे भरायचे. खातं कुणाचं, हे मात्र आठवायला हवं. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने स्वतःचाच ईमेल टाकून ‘सेटअप करून दिलंय’ म्हटलं असेल, तर चावी त्याच्या खात्यात आहे. लॅपटॉप ठणठणीत असतानाच सेटिंगमध्ये जाऊन खात्याचं नाव तपासा आणि ते आकडे कागदावर उतरवून घ्या.