न्याहारीचा चहा : गंध लिंबाचा, कस आफ्रिकेचा

न्याहारी आणि चहा यांचे नाते भारतीय घरांत इतके दृढ आहे की, त्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. मात्र अलीकडे दुकानांतील फळ्यांवर एक निराळा प्रकार दिसू लागला आहे. काळ्या चहाच्या पुडीत लिंबाची वा संत्र्याची वाळलेली साल, गवती चहा, पुदिना यांसारख्या वनस्पती मिसळून 'न्याहारीचा चहा' म्हणून तो विकला जातो. पाकिटावर लिंबाचे चित्र ठळक असते. कपातील गडद तांबूस रंग आणि जिभेला जाग आणणारा कडकपणा मात्र लिंबाचा नसून चहाच्या पानाचा असतो, आणि ते पान पुष्कळदा पूर्व आफ्रिकेतून आलेले असते. या एका कपामागे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी तिन्ही शास्त्रे एकत्र नांदत असतात.

विषुववृत्तावरील मळे

केनियातील चहाचा प्रारंभ भारताशी जोडलेला आहे. नैरोबीजवळील लिमुरू येथे १९०३ साली भारतातून नेलेला चहा प्रथम लावण्यात आला. १९२० च्या दशकात केरिचोच्या डोंगराळ भागात मोठ्या कंपन्यांचे मळे उभे राहिले. स्थानिक आफ्रिकी शेतकऱ्यांना चहा लावण्याची मोकळीक मात्र दीर्घकाळ नव्हती. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर हे दार त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडले. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी केनिया चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले व २००० साली त्याचे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर आधारलेल्या कंपनीत रूपांतर झाले. आज सहा लाखांहून अधिक छोटे उत्पादक या व्यवस्थेशी निगडित असून देशातील निम्म्याहून अधिक चहा त्यांच्या शेतांतून येतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० ते २,७०० मीटर उंची, ज्वालामुखीजन्य तांबडी माती आणि वर्षातून दोन पावसाळे यांमुळे येथे बारा महिने खुडणी चालते. 'दोन पाने आणि एक कळी' हा खुडणीचा नियम येथेही पाळला जातो. साधारणतः साडेचार किलो हिरव्या पानांपासून एक किलो तयार चहा मिळतो. पाने कोमेजवून, काटेरी रुळांमधून चिरडून, फाडून व वळवून, हवेतील प्राणवायूचा त्यांवर परिणाम होऊ देऊन शेवटी ती वाळवली जातात. ही 'सीटीसी' पद्धत १९३० च्या सुमारास आसामात विकसित झाली. त्यातून निघणारी बारीक दाणेदार पूड अल्पावधीत रंग व कस सोडते. पाश्चात्त्य देशांतील न्याहारीच्या मिश्रणांत आसाम व श्रीलंकेच्या चहाबरोबर केनियाच्या चहालाही मानाचे स्थान मिळाले, ते याच गुणामुळे.

सुगंध आणि आम्लता

लिंबाचा गंध आणि लिंबाची आंबट चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबटपणा रसातील सायट्रिक आम्लाचा असतो, तर गंध सालीतील तैलद्रव्यांचा. गवती चहाच्या पातीत 'सिट्रल' नावाचे गंधद्रव्य विपुल असते; म्हणून लिंबाशी कोणतेही नाते नसलेले हे गवत लिंबासारखे दरवळते. इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतातील बर्गामॉट या फळाच्या सालीचे तेल 'अर्ल ग्रे' चहाला त्याचा विशिष्ट वास देते.

हा भेद व्यवहारात उपयोगी पडतो. चहात लिंबाचा रस पिळताच त्याचा गडद रंग एकदम उजळतो, कारण चहातील रंगद्रव्ये आम्लतेनुसार आपली छटा बदलतात. अशा चहात दूध घातले तर ते फाटते. गवती चहात मात्र गंध असतो, आम्ल नसते. त्यामुळे तो दुधाच्या चहातही निर्धास्तपणे घालता येतो. महाराष्ट्रातील परसदारी गवती चहाचे ठोंब लावण्याची प्रथा याच अनुभवावर उभी आहे. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत या गवताला 'म्चाइचाइ' म्हणतात. तेथेही दुधात उकळलेला चहा घरोघरी होतो आणि त्याला 'चाय' असेच म्हणतात. दोन भिन्न भूमींतील लोकांनी एकाच गवताला चहावरून नाव द्यावे, हा योग मनोरंजक आहे.

मोम्बासाचा लिलाव

केनियाच्या चहाचे भवितव्य ठरते ते मोम्बासा बंदरातील लिलावात. १९५६ साली नैरोबीत सुरू झालेला हा लिलाव १९६९ मध्ये मोम्बासाला हलविण्यात आला. युगांडा, रवांडा, टांझानिया, मलावी आदी देशांचा चहाही येथे विकला जातो. व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये होत असल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न चहाच्या दराइतकेच विनिमय दरावरही अवलंबून असते. त्याला दरमहा हिरव्या पानांची प्राथमिक रक्कम मिळते व आर्थिक वर्ष संपल्यावर कारखान्याच्या विक्रीनुसार उर्वरित रक्कम, ज्याला तेथे 'बोनस' म्हणतात, दिली जाते. मुलांचे शिक्षण, घराची डागडुजी, कर्जाची परतफेड असे मोठे खर्च या रकमेवर विसंबून असतात. ग्रेट रिफ्ट खोऱ्याच्या पूर्वेकडील कारखान्यांच्या चहाला सामान्यतः पश्चिमेकडील चहापेक्षा चढा भाव मिळतो. साहजिकच बोनसमध्येही तफावत पडते व त्यावरून असंतोष उद्भवतो.

दर घसरू नयेत म्हणून २०२१ मध्ये छोट्या उत्पादकांच्या चहासाठी प्रतिकिलो २.४३ डॉलर अशी किमान किंमत ठरविण्यात आली. हेतू हितकारक होता. परंतु त्या दराने ग्राहक न मिळालेला चहा गोदामांत साचत गेला आणि २०२४ मध्ये ही अट मागे घ्यावी लागली. किंमत ठरविणे सोपे असते, त्या किमतीला ग्राहक मिळविणे कठीण असते, हा धडा या प्रसंगाने दिला.

या अडचणीचे एक मूळ असे की, केनियाचा बहुतांश चहा मोठ्या पोत्यांतून, कोणत्याही नाममुद्रेशिवाय निर्यात होतो. त्यात इतर चहा मिसळणे, लिंबाची साल वा वनस्पती घालणे, आकर्षक वेष्टनात भरणे ही कामे मुख्यतः अन्य देशांत होतात. मूल्यवृद्धी होते ती याच टप्प्यावर. पोत्यातील चहा आणि सुगंधी न्याहारीच्या चहाचे पाकीट यांच्या किमतींतील अंतरात पान खुडणाऱ्याचा वाटा अल्पच राहतो. उत्पादक देशातच मिश्रण व वेष्टन व्हावे, हा आग्रह केनियात वाढत आहे तो यामुळेच.

घरच्या घरी

असा चहा घरी करणे अवघड नाही. वनस्पतींचा अर्क सावकाश उतरतो, दाणेदार चहाचा मात्र झटपट. म्हणून गवती चहाची पात अथवा लिंबाची साल प्रथम पाण्यात चार-पाच मिनिटे उकळू द्यावी, नंतर प्रत्येक कपास एक लहान चमचा चहा घालून, आच बंद करून, तीन मिनिटे झाकून ठेवावा. अधिक वेळ ठेवल्यास तो तुरट होतो. लिंबाचा रस हवा असल्यास तो शेवटी, दुधाविना चहातच पिळावा. चहातील काही घटक अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. ज्यांना रक्तातील लोहाची कमतरता आहे त्यांनी न्याहारी आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे श्रेयस्कर.

पाकीट विकत घेताना त्यावरील लिंबाच्या चित्राबरोबरच चहा कोठला आहे, हेही वाचावे. मूळ स्थानाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या चहाला ग्राहकांनी पसंती दिली, तर मळ्याचे नाव बाजारपेठेत रुजते आणि नावाबरोबर भावही येतो. वाफेबरोबर दरवळणारा गंध क्षणभराचा असतो. पण त्याखालचा कस हा केरिचोच्या उतारावर भल्या पहाटे पाठीवर टोपली घेऊन निघालेल्या हातांचा असतो.