भागाकाराची बाकी

२०१० सालीं निघालेली आर्डुइनो उनो नांवाची निळी पट्टी आज अनेक विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसते. तिच्यावरील ॲटमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एक लहानसा संगणकच. त्याच्या घड्याळाचे सेकंदास १ कोटि ६० लक्ष ठोके पडतात. अशा यंत्राकडून एका तारेवरून माहिती किती वेगानें बाहेर काढतां येईल, याचा विचार आज करूं.

तारेवरून अक्षरामागून अक्षर जातें, परंतु घड्याळाचा ठोका सोबत जात नाहीं. प्रत्येक अक्षराला दहा घरें: आरंभाची खूण, आठ बिट आणि विरामाची खूण. घेणारें यंत्र आरंभाच्या खुणेशीं आपला ताल जुळवितें व पुढें प्रत्येक घराच्या मध्यावर तारेकडे पाहतें. दोघांच्या तालांत फरक असल्यास तो घरागणिक सांचतो, आणि शेवटच्या घरापर्यंत अर्ध्या घराएवढा झाला कीं अक्षर बिघडतें. ही मर्यादा शेंकडा पांचांच्या आसपास येते, आणि तींतही दोन्ही पक्षांचा वांटा असतो.

सेकंदास १,१५,२०० बिट हा वेग सर्वत्र रूढ आहे. १९८१ सालच्या आय. बी. एम. पर्सनल कॉम्प्युटरच्या सीरियल जोडणींत १८,४३,२०० ठोक्यांचा स्फटिक असे. त्यास सोळांनीं भागलें कीं हीच संख्या येते. आपल्या मायक्रोकंट्रोलरला मात्र ती पचत नाहीं. दुप्पट वेगाची सोय वापरली तर त्यांत ठोक्यांस प्रथम आठांनीं व नंतर एका पूर्णांकानें भागावयाचें असतें. येथें भाजक १७.३६ हवा, यंत्र १७ घेतें, आणि प्रत्यक्ष वेग १,१७,६४७ होतो. चूक शेंकडा २.१. गंमत अशी कीं, त्याच पट्टीवर यूएसबीशीं बोलणारा दुसरा मायक्रोकंट्रोलर तितक्याच ठोक्यांचा असल्यामुळें तोही तेवढाच चुकतो. दोघांचें खोटें एकमेकांस पटतें! निराळें एखादें उपकरण तारेला जोडलें म्हणजे मग मधूनच अक्षरें बिघडूं लागतात, आणि बिचारा विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममध्यें दोष शोधीत बसतो. वेग कमी कर, असा सल्ला त्याला मिळतो. तो अगदींच वाईट नव्हे. पण पलीकडच्या उपकरणास झेपत असेल तर मी म्हणेन, वेग वाढवावा. १० लक्षांस भाजक २ येतो, २० लक्षांस १. बाकी शून्य.

२० लक्षांच्या वेगानें एका अक्षरास ८० ठोके मिळतात, म्हणजे सेकंदास २ लक्ष अक्षरें. आतां अडचण तारेची नसून यंत्राच्या उरकाची असते. या मायक्रोकंट्रोलरला भागाकाराची आज्ञाच नाहीं. संख्येचे दशमान अंक पाडीत बसल्यास सारा वेळ त्यांतच जातो. म्हणून मोजमापें द्विमान रूपांतच, कच्चीं धाडावीं; अंक पाडण्याचें काम पलीकडच्या संगणकानें करावें.

याहून वेग हवा तर ठोक्यासाठीं दुसरी तार द्यावी. हाच सीरियल विभाग एसपीआय पद्धतीनें चालविला कीं एक बिट दोन ठोक्यांत जातो: अक्षरास १६ ठोके, सेकंदास १० लक्ष अक्षरें. चिपमधील स्वतंत्र एसपीआय विभागाच्या ठोक्याचा वेगही तोच, पण त्याला पुढचें अक्षर बसवून ठेवण्यास ओसरी नाहीं. पहिलें निघून जाईपर्यंत दुसरें देतां येत नाहीं आणि मध्यें खंड पडतो. १६ ठोक्यांच्या अवधींत इंटरप्टचाही उपयोग नाहीं: जाण्यास किमान चार ठोके, परतण्यास चार, आणि रजिस्टरें जपून ठेवण्यास आणखी. ठोके मोजून लिहिलेला साधा फेरा, बहुधा असेंब्लींतला, तोच तेथें चालतो.