उंदराची वडी आणि आपली जनावरं

मका-सोयाबीन घरात आलं की मागोमाग उंदीर येतो, आणि उंदरामागं दुकानातली वडी. पाकिटावर 'ब्रोमाडियोलोन 0.005 टक्के' असं असेल तर हे वाचाच.

ही वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस घेतो. रक्त गोठायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं. हे औषध तेच कामाला येऊ देत नाही. अंगातली जुनी शिल्लक असते तोवर जनावर खातं-पितं, हिंडतं. शिल्लक संपली की आतल्या आत रक्त वाहायला लागतं. त्यामुळं कुत्रं आज सुस्त पडलं तरी वडी चार दिवसांपूर्वीची असते, आणि आपण गोचीड ताप समजून बसतो.

गंमत म्हणजे हे विष सापडलं गुरांमुळंच. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात 'स्वीट क्लोव्हर' नावाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायची. त्या चाऱ्यातलं विष विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांनी शोधलं, आणि त्यातूनच पुढं 1948 साली वॉरफरिन हे उंदराचं औषध बाजारात आलं. ब्रोमाडियोलोन त्याच घराण्यातलं, पण जास्त जहाल.

मरायला टेकलेला उंदीर उघड्यावर रेंगाळतो. तोच मांजर, कुत्रं, गव्हाणी घुबड उचलतं, आणि उंदराच्या अंगातलं विष त्यांच्या पोटात जातं. घुबड तर आपला बिनपगारी राखणदार! म्हणून वडी बिळात आत सारा, मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरा. पेंडीच्या पोत्याजवळ वडी नकोच, शेळी तोंड घालते.

हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, शेण किंवा विष्ठा काळी झाली, धाप लागली, सांधा सुजला, तर थांबू नका. याला उतारा आहे: व्हिटॅमिन के-1. के-3 चा उपयोग नाही. उपचार बऱ्याचदा तीन-चार आठवडे चालतो, दोन दिवसांत जनावर उठलं म्हणून बंद करू नका. वडीचा संशय डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मांसात सुई टोचली तर तिथंच रक्त साकळतं.

काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, वेगळी. ती काही तासांतच मारते आणि तिला उतारा नाही. म्हणून पाकीट फेकू नका, फोटो तरी मोबाईलमध्ये ठेवा. जनावरांच्या दवाखान्यासाठी फोन 1962.