बाप व्हायला किती तास लागतात?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, ज्यांचे इअरफोन पोरांनी तोडलेत किंवा ज्यांच्या मांडीवर आत्ता बाळ झोपलंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे "म्हणजे बघा ना" वगैरे होतं ते बरंचसं कापलंय. थोडं राहिलं असेल, चालवून घ्या.

नवीन लोकांसाठी थोडक्यात ओळख. मी २९ वर्षांचा, बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये. राहतो औरंगपुऱ्यात, नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. बायको शाळेत शिकवते. घरात माझे आई-बाबा आहेत, आणि नातवंडांमुळे बाबांचे आता 'आबा' झालेत.

आजचा प्रश्न साधा आहे. मूल जन्मलं की बाप लगेच बाप होतो का? होत नसेल, तर नेमकं काय झाल्यावर होतो? हा भावनेचा प्रश्न वाटतो खरा, पण याचं बरंचसं उत्तर शरीरशास्त्रात आहे, थोडं आपल्या रीतिरिवाजात आणि थोडं कायद्यात. एकेक करून बघू.

पहिली गोष्ट : बाळ रात्री का जागतं?

नवजात बाळ दिवसातून साधारण १४ ते १७ तास झोपतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण हे तास तुकड्या-तुकड्यांत असतात. त्याचं पोट इवलंसं, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागते. शिवाय रात्र आणि दिवस यातला फरक सांगणारं शरीरातलं घड्याळ जन्मतः नीट लागलेलं नसतं. ते हळूहळू, साधारण तीन महिन्यांच्या आसपास लागायला लागतं. म्हणजे बाळ तुम्हाला त्रास द्यायला जागत नाही, त्याच्या दृष्टीनं रात्र असं काही अजून आलेलंच नाही.

आता पुरुष मंडळी म्हणतात, "दूध तर आईच पाजणार, मी जागून काय करू?" पाजणं हा एका फेरीतला एक भाग झाला. बाळाला उचलून आणणं, लंगोट बदलणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आणि परत झोपवणं, हे सगळं बापाला जमतं. आमच्याकडे धाकट्याच्या वेळी आम्ही असंच वाटून घेतलं. पाजून झालं की बायको कूस बदलून झोपायची, पुढची अर्धा-पाऊण तासाची ड्यूटी माझी. ऑफिसमध्ये सर्व्हर पडला तर रात्री कोणी उठायचं याच्या पाळ्या आधी ठरलेल्या असतात, तशाच घरात ठरवल्या. फोन कोणाचा वाजणार हे माहीत असलं की बाकीच्यांना गाढ झोपता येतं, आणि बाळंतिणीला नेमकी तीच झोप मिळत नसते.

दुसरी गोष्ट : बापाचं शरीरही बदलतं

आईच्या शरीरातले बदल सगळ्यांना माहीत असतात. बापाचं काय? फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनची पातळी आधी एकदा मोजली होती, मग साडेचार वर्षांनी पुन्हा मोजली. मधल्या काळात जे बाप झाले होते त्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच जास्त उतरली होती. आणि बापांमध्येही, जे दिवसाला तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलांचं करत होते, त्यांची पातळी सगळ्यात कमी होती.

"म्हणजे पोरं सांभाळली की मर्दानगी जाते का?" असं विचारू नका, प्लीज. हा आजार नाही, हे जुळवून घेणं आहे. शरीर स्पर्धेचा गिअर काढून सांभाळण्याचा गिअर टाकतं, असं समजा.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तास. बाळाच्या जन्माच्या दाखल्यावर नाव लागल्यानं सगळं घडत नाही. बाळ अंगावर घेऊन किती वेळ काढला, त्याच्याशी याचा संबंध आहे.

तिसरी गोष्ट : तास जातात कुठे?

आता आपली रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. माझी बायको जालन्याची. मोठीच्या वेळी ती सातव्या महिन्यात गेली आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आली. मी शनिवार-रविवार जालन्याला जायचो. तिथे गेलो की मी जावई! चहा-पोहे, पाहुणचार, आणि बाळ पाच मिनिटं मांडीवर. जरा रडलं की कोणीतरी प्रेमानं उचलून न्यायचं, "राहू द्या हो, तुम्हाला नाही जमायचं."

या रिवाजात वाईट काही नाही. बाळंतिणीला सव्वा महिना आराम, तेल-मालिश, डिंकाचे लाडू आणि हक्काची माणसं मिळतात, ते सासरी मिळेलच असं नाही. पण या व्यवस्थेत बापाला जागाच ठेवलेली नाही. मोठी घरी आली तेव्हा तिला माझा वास, माझा आवाज, काहीच ओळखीचं नव्हतं. माझ्याकडे दिली की ती ताणून रडायची. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी तिला खांद्यावर टाकून गच्चीवर फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे जमलं. धाकट्याचं बाळंतपण इथेच झालं. तो पहिल्या आठवड्यापासून माझ्या खांद्यावर झोपतोय. बाप एकच, घरही एकच, फरक फक्त तासांचा.

आमच्या आबांच्या वेळी तर अजून अवघड होतं. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं, त्याचे लाड करणं बरं दिसत नसे. आबा सांगतात, त्यांचे वडील ओसरीवर बसलेले असले की ते मला बघून न बघितल्यासारखं करायचे. आज तेच आबा नातवाला पायावर घेऊन आंघोळ घालतात. माणूस तोच आहे, फक्त मनाई उठली.

आणखी एक गळती आहे. आपल्याकडे बाप मुलांसाठी पुष्कळ करतो, मुलांसोबत कमी असतो. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. पाणी येतं त्या दिवशी मोटार लावा, टाकी भरा, ड्रम भरा. मग गॅस, किराणा, लाइट बिल. ही सगळी कामं खरी आहेत आणि कोणीतरी करायलाच हवीत. पण मुलाच्या खात्यात ती जमा होत नाहीत. त्यावर माझा उपाय असा की मोठीला सोबत घ्यायचं. ती मगानं एक रोप भिजवते, मी ड्रम भरतो. काम दुप्पट वेळ खातं, पण तो वेळ दोघांचा असतो.

देशाचा हिशोबही बघून घ्या. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला साधारण १४० मिनिटं देतात, पुरुष ७४ मिनिटं. सेबूच्या अभ्यासातले तीन तास म्हणजे १८० मिनिटं. आपण कुठे आहोत ते तुम्हीच बघा.

चौथी गोष्ट : रजा

आई नोकरी करत असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. चांगलंच झालं. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत मात्र बापाला रजा द्यायची कायद्यानं सक्ती नाही. कंपनीची मर्जी! मला पाच दिवस मिळाले. त्यातले दोन दवाखान्यात गेले आणि एक जन्माच्या दाखल्यामागे.

हा प्रश्न संसदेत नेणारा माणूस आपल्या मराठवाड्याचा होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडलं. मागणी होती १५ दिवसांच्या रजेची, जी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल, आणि ती खासगी व असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही मिळावी. ते खासगी सदस्याचं विधेयक होतं. सरकारनं न मांडलेली अशी विधेयकं आपल्याकडे जवळपास कधीच कायदा होत नाहीत, शेवटचं पास झालं ते १९७० मध्ये. हेही मागेच पडलं. सातव २०२१ मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीनं गेले.

हा मुद्दा फक्त बापाच्या हौसेचा आहे असं समजू नका. रजा फक्त आईलाच असली की घरात आपोआप ठरतं, मूल आईचं काम. आणि नोकरीवर घेणाऱ्याच्या डोक्यातही तेच बसतं, की मुलगी घेतली तर २६ आठवडे जाणार. बापालाही रजा असेल तर हा हिशोबच बदलतो.

पाचवी गोष्ट : बापाचं मनही खचतं

हा भाग रेकॉर्ड करताना मी दोनदा थांबलो होतो. बाळंतपणानंतर आईला नैराश्य येऊ शकतं हे आता थोडंफार बोललं जातं. ते बापालाही येतं. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा होता सुमारे १० टक्के, म्हणजे दहातला एक बाप. सगळ्यात जास्त प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना.

पुरुषांमध्ये ते रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडचिड, उगाच उशिरापर्यंत ऑफिसचं काम काढून बसणं, घरी यायला नको वाटणं, दारू वाढणं, असं दिसतं. मित्र म्हणतात, "अरे बाप झालास, पार्टी कधी?" आणि समोरचा चार महिने धड झोपलेला नसतो. तुमचा असा मित्र असेल तर पार्टी मागू नका. घरी जा, बाळ तासभर सांभाळा आणि त्याला झोपू द्या. आणि स्वतःला असं वाटत असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा नंबर सेव्ह करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सहावी गोष्ट : दुकानातला हट्ट

जून महिन्यात औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत आमच्या मोठीला युनिकॉर्नवाली कंपासपेटी हवी होती. शाळेत अजून पेन्सिलसुद्धा लागत नाही, पण हवी. फरशीवर लोळण. एक काकू म्हणाल्या, "घ्या की घेऊन, लेकरू आहे." एक काका म्हणाले, "एक ठेवून द्या पाठीत." दोन मिनिटांत दोन सल्ले फुकट.

होतं काय की राग, हाव, भीती निर्माण करणारा मेंदूचा भाग लवकर कामाला लागतो. त्याला ब्रेक लावणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. साडेतीन वर्षांच्या पोरीकडे ॲक्सिलरेटर आहे, ब्रेक नाही. त्या क्षणी समजावणं आत पोचत नाही, आणि मारलं तर भीतीची भर पडते, ब्रेक काही बसत नाही. मग आपण तिचा ब्रेक व्हायचं. मी खाली बसलो, म्हणालो, "पेटी खूप आवडली ना? आज नाही घ्यायची." तेच वाक्य चार वेळा. मग उचलून बाहेर. सात-आठ मिनिटांनी ती खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "बाबा, पाणी." दर वेळी इतकं सुरळीत होत नाही. गेल्याच आठवड्यात पाऊण तास लागला.

अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हातात मोबाईल देणं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. कारण सरळ आहे. मोबाईल रडणं बंद करतो, पण शांत कसं व्हायचं ते शिकवत नाही. ते माणसाच्या खांद्यावरच शिकावं लागतं.

मग बाप होतो तरी कसा?

आमच्या औरंगपुऱ्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचा पुतळा आहे. जयंतीला तिथे गर्दी असते, शिक्षणावर भाषणं होतात, व्हायलाच हवीत. पण जोतीराव बाप होते, हे फारसं कोणी बोलत नाही. त्या दोघांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. ज्या काळात अशा बाळाला जग जगू देत नव्हतं, त्या काळात त्याला नाव दिलं, वाढवलं, शिकवलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, आणि त्यातच त्या गेल्या. रक्ताचं नातं नसताना, केवळ वाढवण्यातून बाप होता येतं, याचा पुरावा आपल्या चौकात उभा आहे.

तर या आठवड्यासाठी तीन कामं. एक, रात्रीची एक फेरी स्वतःकडे घ्या आणि बायकोला आधीच सांगा, म्हणजे ती निश्चिंत झोपेल. दोन, बाळाचं एक काम कायमचं तुमचं करा. आंघोळ, भरवणं, लसीकरणाचं कार्ड, काहीही. "मदत करतो" म्हणायचं नाही, ते काम तुमचंच. तीन, बाळ तुमच्याकडे रडलं म्हणून लगेच परत देऊ नका. दहा मिनिटं फेऱ्या मारा.

नवीन आयांना एक विनंती, बापाला दुपटं नीट बांधता आलं नाही तरी लगेच हातातून घेऊ नका. सुटेल, परत बांधेल.

पुढच्या भागात आजी-आजोबांचा विषय घेतोय : बाळगुटी, काजळ, आणि डॉक्टरांचं ऐकायचं की आईचं. तुमच्या घरी रात्रीची पाळी कोणाची असते, ते व्हॉइस मेसेज करून कळवा. मागे बाळ रडत असलं तरी चालेल, आमच्याकडेही रडतच असतं.