प्रवासाला निघताना आपला औषधांचा बटवा



मागच्या वर्षी आम्ही सात जणी एका प्रदर्शनासाठी वसई रोडवरून लोकलने मुंबईला निघालो होतो. पापड, लोणची, बॅनर, पावतीबुक, सगळं आठवणीनं घेतलं होतं. गाडीनं नायगाव सोडलं, खाडीचा पूल लागला आणि आमच्यातल्या एक ताई अचानक घामाघूम झाल्या. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. गर्दी एवढी की बसवायला जागा नाही. "बीपी आहे का? शुगर आहे का?" डब्यातल्या बायका विचारत होत्या आणि आम्हाला कोणालाच सांगता येईना. ताई कशाबशा बोलल्या, "शुगरची गोळी घेतली... खाल्लं नाही." एका अनोळखी काकींनी पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या दिल्या. त्या चघळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ताई सावरल्या.

मी समाजकार्य शिकलेली, पण त्या दिवशी माझ्या बॅगेत साखरेची पुडीसुद्धा नव्हती. आपण पोरांचं, सासूबाईंचं, मालाचं सगळं बांधतो. राहतं ते आपलं स्वतःचं. म्हणून प्रत्येकीचा एक छोटा बटवा हवा. जुनी चेनची पर्स किंवा घट्ट झाकणाचा छोटा डबासुद्धा चालेल.

बटव्यात काय ठेवायचं?

1. आपली रोजची औषधं. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, जे असेल ते. एक-दोन दिवसांची जास्तच ठेवा. लोकल बंद पडली की रात्र कुठे काढावी लागेल सांगता येत नाही. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधू नका. पाकिटासकटच ठेवा, म्हणजे नाव आणि तारीख वाचता येते.

2. साखर किंवा ग्लुकोज. शुगरची औषधं घेणाऱ्या ताईंनी हे विसरूच नका. घाम, थरथर, चक्कर सुरू झाली की तीन चमचे साखर खायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर पोळी-भाकरी काहीतरी खायचंच. पण बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही.

3. ओआरएसच्या दोन पुड्या. आशाताईंकडे मिळतात. उन्हात बाजाराला बसून उलट्या-जुलाब झाले तर उपयोगी. मोठी पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायची. थोडी-थोडी ग्लासात टाकून प्यायची नाही, प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन्हीला चहाचा छोटा चमचा.

4. जखमेसाठी. चिकटपट्ट्या, गॉज, एक बँडेजचा रोल, जंतुनाशक मलम, छोटा साबण. विळी, कोयता लागला तर आधी स्वच्छ कापडानं दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. मधेमधे उघडून बघायचं नाही. रक्त थांबलं की धुवून पट्टी. हळद, चहापूड भरायची नाही. जखम खोल असेल किंवा गंजकं लागलं असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

5. पॅरासिटामॉल 500 ची एक पट्टी. ताप, डोकेदुखीला मोठ्या माणसाला एक गोळी. दुसरी घ्यायची तर मध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या. कंबरदुखीच्या जोरदार गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. बीपी, किडनीचा त्रास असलेल्यांना त्या बाधतात. गरोदर ताईंनी कुठलीही गोळी विचारूनच घ्यावी.

6. बाकी. दोन सॅनिटरी पॅड, दोन सेफ्टी पिना, जव्हारच्या घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी एक-दोन प्लास्टिक पिशव्या. जास्त रक्त येत असेल तर स्वच्छ पॅड दाबून धरायलाही चालतं.

सगळ्यात महत्त्वाची, फुकटातली वस्तू

एक चिठ्ठी. त्यात आपलं नाव, वय, आजार, चालू औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर. मोबाईल लॉक असतो, बंद पडतो. चिठ्ठी कोणीही वाचू शकतं. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिव ताईंकडून लिहून घ्या. आमच्याकडे त्या दिवशी अशी चिठ्ठी असती तर तो गोंधळ झालाच नसता.

चिठ्ठीच्या मागे दोन नंबर लिहा: रुग्णवाहिकेसाठी 108 आणि रेल्वेत मदतीसाठी 139.

बटव्यानं जे होत नाही

छातीत दुखून घाम आला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, साप चावला, तर बटवा उघडत बसू नका, थेट दवाखाना गाठा. साप चावलेल्या जागी कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं साध्या पाण्याची धार.

दर तीन महिन्यांनी गोळ्यांवरची तारीख बघा आणि बटवा उन्हात, ओलीत ठेवू नका.

तायांनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला बटवा आणा. हप्ते जमा झाले की सगळ्या चिठ्ठ्या एकदा वाचूया. जीवदानीच्या पायऱ्या चढताना असो की प्रदर्शनाला जाताना, शेजारच्या ताईला काय त्रास आहे हे आपल्याला माहीत हवं. एकमेकींच्या कर्जाला आपण जामीन राहतोच, तेवढीच ही पण जबाबदारी.

तुमची,
क्षेत्र समन्वयक